समोरच्या बटणांचे सदरे

११ जानेवारी

आज ताईनं रक्त दिलं. दिलं म्हणजे काय, मी तिच्याकडून वसूल केलं. माझ्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या बायका पुरेशा आहेत, निरोगी बायकांचाच दुष्काळ. आजारी बाईला वाटतं, आपल्या रक्तानं कुणाचं तरी भलं होईल. निरोगी बाईला विचारा, ती म्हणते, बघू, सध्या जरा गडबड आहे. मग सगळ्या प्रयोगशाळांत करतात तेच मी केलं. शेजारच्या, ओळखीच्या, कचेरीतल्या, झाडून सगळ्या बायका पकडून आणल्या. माझ्याशिवाय. संशोधकानं स्वतःचं रक्त स्वतःच्या अभ्यासात घालू नये असा आमच्याकडे दंडक आहे. दंडक मीच घातलाय, ते सोडा.

ताईची शीर सापडेना. रक्त घेणारीनं हा हात पाहिला, तो हात पाहिला, शेवटी मनगटाजवळ बारीक सुई घातली आणि सिरिंज ओढत बसली. थेंब थेंब येत होतं. ताईचं शिवणकामाचं दुकान आहे, उभा जन्म सुईशी गेलाय, पण आज डोळे घट्ट मिटून माझा हात चेचत होती. "ह्यापेक्षा अंधारात दोरा ओवला असता," म्हणाली. शेवटी एकदाचं भरलं, आणि त्या मुलीनं सुटकेचा श्वास टाकत दट्ट्या दाबून सगळं फस्सकन नळीत सोडलं.

जिना उतरताना मी नेहमीचा विषय काढला. ही काय, खालच्या मजल्यावरच मॅमोग्राफी होते. पाच-दहा मिनिटांचं काम. आईला निघाला त्या वयाची झालीस तू.

"आईला कळलं आणि मग ती आजारी पडली," ताई म्हणाली. "त्याआधी चांगली हिंडत-फिरत होती."

कप्पाळ. मी हात टेकले. वर तिनंच विचारलं, "तुझी झाली का गं?"

"पुढच्या महिन्यात आहे तारीख."

आहेच. गेल्या वर्षापासून ती पुढच्याच महिन्यात आहे.

२ मार्च

आकडे आले. सकाळपासून मी जमिनीवर नाही.

कुणीही वाचत नाही अशा ह्या वहीला तरी सोपं करून सांगते. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या चिमुकल्या चिठ्ठ्या. ह्या जनुकाला गप्प कर, त्याला आवर, एवढंच त्यांत असतं. त्यातल्या काही रक्तात उतरतात. गाठ हाताला लागण्याआधीच ह्या चिठ्ठ्यांचं प्रमाण बदलत असावं, असं मी कधीपासून म्हणतेय आणि लोक कधीपासून माना डोलावून निघून जातायत. आज आमच्या आलेखावर दोन मायक्रोआरएनए असे उठून दिसले की बस. रुग्ण बायका सगळ्या वर, निरोगी सगळ्या खाली, मध्ये मोकळं मैदान.

रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव उरतो, सीरम, तो लालसर दिसणाऱ्या नळ्या मी आधीच बाद केल्या होत्या. रक्तातल्या लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातल्या चिठ्ठ्याही बाहेर सांडतात आणि हिशेबाचा चुथडा होतो. त्या बाबतीत मी कर्दनकाळ आहे. एकूणएक नळी खिडकीपाशी धरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तिथल्या तिथे एप्रिलच्या परिषदेला माझं नाव कळवून टाकलं. मुख्य व्याख्यान. "आता जरा बरे कपडे शिवून घ्या," म्हणाले.

फक्त दशांशराव खूश नव्हते. हे आमचे संख्याशास्त्रज्ञ. साधं वजन विचारलं तरी दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतात, म्हणून हे नाव. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आलेखावर बोट ठेवलं. वर, रुग्णांच्या घोळक्यात, एक निरोगी बाई बसली होती.

"काढून टाका तिला," मी म्हटलं.

"कारण?"

"तिथे शोभत नाही."

"फोटोतून काढायला हे कारण चालतं. अभ्यासातून नाही."

४ मार्च

काढून टाकायला कारण मिळावं म्हणून त्या बाईची ओळ उघडली. नावं आमच्याकडे नसतात, नुसता क्रमांक, वय आणि दोन-तीन गोष्टी. नावांची चावी दशांशरावांच्या कुलपात.

वय चोपन्न. आईला हा आजार: होय.

निरोगी गटात आईला आजार असलेल्या दोनच बायका आहेत. दुसरी तिशीतली, आमच्याच मजल्यावर बसते.

उठून दशांशरावांच्या दारात गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला विचारू नका."

"विचारत नाहीये. कळलंय मला."

त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. बसले असते तर रडले असते.

म्हणजे दोनातलं एक. माझी चाचणी खरी असेल तर ताईला कर्करोग आहे. ताई धडधाकट असेल तर माझी चाचणी खोटी आहे. तिसरं काही सुचतंय का म्हणून दुपारभर बसले होते. नाही सुचलं.

७ मार्च

ताईच्या उरलेल्या सीरमवर चाचणी पुन्हा केली. स्वतः केली, कुणाला हात लावू दिला नाही. तोच आकडा.

ह्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझा प्रयोग फसायला हवा होता. दशांशरावांना विचारलं, चूक असण्याची शक्यता किती? त्यांनी नेहमीसारखी दशांश स्थळं सांगितली नाहीत. म्हणाले, "मी प्रार्थना करणारा माणूस नाही, पण आज घरी जाऊन विचार करतो."

ताईला सांगता येत नाही. चाचणी सिद्ध झालेली नाही, तेव्हा रक्त देणाऱ्यांना निकाल सांगायचा नाही, असं मी स्वतः सहीनिशी लिहून दिलंय. आणि पुढच्या महिन्यात हीच चाचणी चारशे लोकांसमोर छाती ठोकून सांगायची आहे. ह्यात काहीतरी वेडेपणा आहे आणि तो माझ्याच सहीचा आहे.

१० मार्च

ठरवलं, सांगायचं नाही, पण तिला मॅमोग्राफीला न्यायचं. कसंही करून. संध्याकाळी द्राक्षं घेऊन दुकानात गेले. ह्या आठवड्यात रोजच जातेय.

ताई शाळेचे गणवेश बेतत होती. मी गोड आवाजात म्हटलं, "ताई, आपण दोघी जाऊन येऊ या का एकदा? मला तिथे एकटीला नको वाटतं."

कात्री थांबली. "कुठे?"

"अगं तेच. मॅमोग्राफीला."

"का? तुला काही होतंय?"

"मला काय धाड भरलीय?" म्हटलं, आणि तिच्याकडे बघता बघता माझे डोळे भरून आले. काय करू? ती तशी उभी, तोंडात टाचण्या, केसाला खडूची पूड, आणि मला तो आलेखावरचा ठिपका दिसत होता. "कामाचा ताण आहे," म्हणाले. "झोप नाही धड."

ताईनं तोंडातल्या टाचण्या एक एक काढून उशीत खोचल्या. बराच वेळ लावला. मग गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, "उभी राहा."

"कशाला?"

"परिषदेला जायचंय ना? कपडे नकोत?"

आईचं सगळं ताईनं केलं, मी तेव्हा परीक्षांसाठी दूर वसतिगृहात होते. आई गेल्यावर माझे कपडेही हिनंच शिवले. टेप छातीभोवती आली की मी तेव्हापासून श्वास धरून ताठ उभी राहते. ताई त्यावर नेहमी एकच बोलते, आजही बोलली. "श्वास रोखू नकोस. माप चुकतं."

मॅमोग्राफीचं ती काहीच बोलली नाही. माझा डाव साफ फसला.

१७ मार्च

भावजी घरी आले होते. एका हातात सूपचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. भावजी सलग दोन वाक्यं बोलल्याचं घरात कुणी ऐकलेलं नाही. आज म्हणाले, "गाडी कधीही सांग. मी असतोच." मी म्हटलं, भावजी, मी कामाला चालत जाते. तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या डोक्यावर. ताईनं ह्यांना काय पाजलंय कोण जाणे.

पिशवीत सदरा निघाला. परिषदेसाठी म्हणे. मऊ सुती कापड, धुऊन धुऊन विरल्यासारखं. समोर गळ्यापासून खालपर्यंत बटणं. काखेत इतका ढगळ की आणखी एक माणूस मावेल. आणि आतल्या बाजूला, कमरेच्या वर, दोन खिसे. आतल्या बाजूला. मी चारचौघांत किल्ली काढायची म्हणजे आधी बटणं सोडायची की काय? ताईचा हात एवढा कधी चुकत नाही. आरशात पाहिलं तर मी मुक्कामाला आलेल्या आजीबाईसारखी दिसत होते.

तिचं लक्ष ठिकाणावर नाही, हे आता माझ्या मनात पक्कं होत चाललंय. गेल्या खेपेला पाहिलं तर वाळलीये. डोळे सुजलेले. आपण लक्षणं शोधायला लागलो की सगळीकडे लक्षणंच दिसतात हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण ती वाळलीये, हे खरं आहे.

२४ मार्च

आणखी तीन सदरे आले. तसलेच. एक फिका निळा, दोन पांढरे. दुसऱ्या कुणी दिले असते तर तोंडावर फेकले असते. मी "छान आहेत" म्हटलं तर ताई मागे वळून इस्त्री करत राहिली. गार इस्त्री. वायर खाली लोंबत होती.

आणि मग मला जबर धक्का बसला. मी विषय काढायच्या आत तीच म्हणाली, "त्या तुझ्या तपासणीला कधी जायचं? मी येते."

"तूसुद्धा करून घेशील?"

"तू म्हणशील ते करते. तुझ्याबरोबर येते, तुझ्याबरोबर बसते, माझंही काय काढायचं ते काढा."

इतकी वर्षं जिला खालच्या मजल्यावर उतरवता आलं नाही, ती एका शब्दात तयार. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. कारण एकच असू शकतं. तिला आतून काहीतरी जाणवतंय. हाताला काहीतरी लागलंय आणि ती बोलत नाहीये.

सहा एप्रिलची वेळ घेतली. दोघींची. भाचीला, ताईच्या लेकीला, फोन करून सांगावं असं मनात आलं. ती परीक्षेच्या अभ्यासात आहे, म्हणून राहू दिलं. काय सांगणार होते, तेही कळत नव्हतं.

३० मार्च

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

नमुने आणणारा माणूस रजेवर होता. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या आणायला मीच गेले. वॉर्डाच्या दाराशी खोका आहे, त्यावर लिहिलंय, जुने सुती कपडे इथे द्या. नमुने आणणाऱ्याकडून हे ऐकलं होतं, म्हणून ते चार सदरे पिशवीत घालून नेले. म्हटलं, चला, सत्कारणी तरी लागतील. ताईला सांगणार नव्हते.

मी वर्षानुवर्षं ह्या बायकांच्या रक्तावर काम करतेय आणि वॉर्डात पाऊल टाकून किती काळ लोटला ते आठवेना. आम्हाला सगळं नळीत भरून, झाकण लावून येतं.

खोक्यात सदरे टाकत होते तेवढ्यात दारालगतच्या खाटेवरच्या बाईनं हाक मारली. शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. काखेतून एक नळी निघालेली, तिच्या टोकाला छोटी बाटली, ती नाडीनं गळ्यात अडकवलेली. "तो निळा दाखवा बघू," म्हणाली.

सिस्टरनं तिला सदरा चढवला. हात वर करावा लागला नाही, समोरून उघडा होता म्हणून. ढगळ काखेतून पट्टीसकट हात अलगद गेला. मग त्या बाईनं आत चाचपलं, तिला खिसा लागला. तिनं गळ्यातली नाडी काढली आणि बाटली खिशात ठेवली. बरोबर बसली. जणू मापानं.

"शिवणारीनं घरात कुणाचं तरी केलेलं दिसतंय," ती म्हणाली. "नाहीतर हा खिसा सुचत नाही."

मी खाटेच्या कडेला बसले. ताईनं माझं माप घेतलं तो दिवस. टाचण्या. गार इस्त्री. डोक्यावरचा हात. गाडी कधीही सांग. अगं माझ्या बाई, तुला वाटतंय मी आजारी आहे. मी तुझ्यासाठी रडतेय आणि तू माझ्यासाठी वाळतेयस.

माझ्या डोळ्यांना धार लागली. सिस्टरला वाटलं, रुग्ण पाहून बाई हळव्या झाल्या. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि आपल्या कामाला लागली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं रक्त घ्यायचं होतं, माझ्याच अभ्यासासाठी. त्या बाईची शस्त्रक्रिया दुपारी होती, हाताला सलाइनची सुई आधीच लावून ठेवली होती. सिस्टरनं त्याच सुईला सिरिंज जोडली, दट्ट्या ओढला, रक्त नळीत सोडलं.

मी डोळे पुसले. "सिस्टर, तुम्ही नेहमी असंच घेता?"

"म्हणजे?"

"लावलेल्या सुईतून?"

"हो की. हातात आहेच, तर पुन्हा कशाला टोचायचं बिचारीला? आधीच जीव घाबराघुबरा झालेला असतो." मग जरा बिचकून म्हणाली, "तुमच्या कागदावर कुठून घ्यायचं ते नव्हतं."

नव्हतंच. तो कागद मी लिहिलाय. मला लिहायचं सुचलं नाही, कारण प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाच्या मनात रक्त हे नव्यानं टोचूनच येतं.

लावून ठेवलेल्या सुईतून ओढलं की लाल पेशी फुटतात. थोड्याशा. डोळ्यांना रंग दिसणार नाही इतक्या, पण त्यांच्यातल्या चिठ्ठ्या सीरममध्ये यायला तेवढं पुरतं. रुग्ण बायकांचं सगळं रक्त असं घेतलेलं, एका दयाळू बाईनं. निरोगी बायकांचं मात्र आमच्याकडे, ताज्या सुईनं, कोपराच्या शिरेतून.

एकीचं सोडून. एकीची शीर सापडली नव्हती, मनगटातून बारीक सुईनं ओढलं होतं.

३१ मार्च

काल पान अर्धवट टाकून उठले. आज पुढचं.

सकाळीच सीरमच्या नळ्या रंगमापकावर लावल्या. डोळ्यांना न दिसणारा लाल यंत्राला दिसतो. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, पण मी खिडकीपाशी धरून बघत बसले होते, माझे डोळे ना. दशांशराव शेजारी उभे राहून आकडे उतरवत होते. रुग्णांच्या नळ्यांत लाल. निरोगींच्या नळ्यांत नाही. ताईच्या नळीत भरपूर.

मग वॉर्डातल्या, शस्त्रक्रिया अजून व्हायच्या अशा तीन बायकांना विचारलं, पुन्हा टोचून घ्याल का, कोपराच्या शिरेतून, माझी चूक शोधायचीय. तिघींनी हात पुढे केले. मला अगदी लाजल्यासारखं झालं. त्यांच्या ताज्या रक्तात माझे ते दोन्ही मायक्रोआरएनए खालीच बसले होते, निरोगी बायकांबरोबर.

संपलं. मी कर्करोग शोधला नव्हता. सुई शोधली होती.

दशांशरावांनी पेन खिशात ठेवलं. "वाईट वाटतं," म्हणाले.

"मला नाही," म्हटलं. आणि मला हसूच आलं. इतकी वर्षांची मेहनत मातीत गेली होती आणि मी टेबलाला धरून हसत होते. ते घाबरून पाणी आणायला धावले. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पेला हातात घेऊन तेही हसायला लागले. ह्या माणसाला दात आहेत हे मला आज कळलं.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, परिषदेपर्यंत हे आपल्यातच ठेवता येईल का. मी नाही म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं.

१ एप्रिल

ताईला सगळं सांगितलं. दुकान बंद करायला लावून, मागच्या खोलीत बसवून. आता सांगायला हरकत नाही, सांगण्यासारखा निकालच राहिला नाही.

ती ऐकत होती. आलेख, ठिपका, सुई. तिला एवढंच कळलं की मी आजारी नाही. मग जे बोलायला लागली ते थांबेना. किती दिवस झोपलो नाही आम्ही, तुझे भावजी मागच्या दारी जाऊन डोळे पुसतात, लेकीला काय सांगायचं ह्यावर दोघं भांडलो, आणि तू द्राक्षं घेऊन येतेस.

"तुला विचारता येत नव्हतं?" मी म्हटलं.

"तुला सांगता येत नव्हतं?"

मग तिनं विचारलं, "सदरे कुठायत?"

मी सांगितलं. तिनं ओढणीचा नव्हे, हातातल्या गणवेशाच्या कापडाचाच बोळा तोंडाला लावला आणि चांगली हुंदके देऊन रडली. आईची बाटली नाडीनं मानेला काचायची, म्हणाली. आईसाठी तिनं असेच शिवले होते. मला हे ठाऊक नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर तिनं हिशेब चुकता केला. "म्हणजे मला काही झालेलं नाही. सहा तारीख रद्द."

"तसं नाही गं. चाचणी खोटी ठरली म्हणजे तू निरोगी ठरलीस असं नाही. आईची लेक आहेस."

"आणि तू कोणाची?"

मी काहीतरी बोलणार होते. प्रयोग, वेळ, पुढचा महिना. ताई माझ्याकडे बघत राहिली. तिच्यापुढे ह्यातलं एकही चाललं नसतं.

मला भीती वाटते. हे मी कुठे लिहिलं नव्हतं, इथेही नाही. शेकडो बायकांची जनुकं वाचली, स्वतःचं एक अक्षर वाचायचं धाडस झालं नाही. रक्त न देण्याचा दंडकही त्यातूनच आला.

"मलाही वाटते," ताई म्हणाली. "म्हणून तर दोघी जायचं."

६ एप्रिल

गेलो. आत कोण आधी, ह्यावरून दारात धक्काबुक्की. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, तुम्ही शाळेत एका वर्गात होता का?

दोघींची छायाचित्रं स्वच्छ. ताईनं बाहेर येऊन बाकावर बसकण मारली आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

जनुक तपासणीचंही रक्त दिलं. दोघींनी. ताईची शीर मी स्वतः शोधून दाखवली, कोपराच्या आतल्या बाजूला, गरम पाण्याची पिशवी ठेवून.

२१ एप्रिल

परिषद झाली. चारशे लोकांना सांगितलं की आमचा निष्कर्ष चुकला, आणि कसा चुकला. तीन बायकांचं ताजं रक्त आणि सगळ्या नळ्यांचा लाल, दोन्ही दाखवलं. साहेब पहिल्या रांगेत भिंतीकडे बघत होते. नंतर चहाच्या वेळी दूरच्या एका प्रयोगशाळेतली बाई कोपऱ्यात गाठून हळूच म्हणाली, "आम्हीही कुठून घेतात ते विचारलं नव्हतं." तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला माझा नवा कागद दिला. पहिलीच ओळ: ताज्या सुईनं, कोपराच्या शिरेतून. त्याखाली सिस्टरनं घालायला लावलेली ओळ: आधी बाईला विचारून.

वॉर्डातून निरोप आलाय, सदरे आणखी हवेत. ताईनं गणवेशाचं काम भावजींच्या गळ्यात घातलंय.

१४ मे

जनुक तपासणीचे अहवाल आले. समुपदेशक बाईंनी दोघींना समोर बसवलं. आईकडून येणारा, कर्करोगाचा धोका वाढवणारा तो जनुकातला बदल ताईत नाही.

माझ्यात आहे.

सगळ्यात आधी मनात आलं, ताईतच नाही म्हणजे भाची सुटली. खरंच बरं वाटलं. मग कान बंद झाल्यासारखे झाले. आजार नाही, धोका आहे, बाई सांगत होत्या. दर वर्षी तपासणी, किंवा आधीच शस्त्रक्रिया. घाई नाही, विचार करा. मला हे सगळं पाठ आहे, मी हेच वाक्य न वाक्य लोकांना ऐकवते. ऐकायला कसं लागतं ते ठाऊक नव्हतं.

ताई भडकली. समुपदेशक बाईंवर, अहवालावर, कोणावर ते तिलाही कळलं नसेल. "माझ्यात यायला हवं होतं," म्हणाली. "थोरली मी आहे."

बाईंनी समजावलं, ताई, ते नाणं उडवण्यासारखं असतं, वयावर नसतं. ताईला ते पटलं नाही. रस्ताभर पटलं नाही.

तिच्या दुकानात आलो. भावजींनी चहा ठेवला, साखर दोनदा घातली. मी स्टुलावर बसून होते. शस्त्रक्रिया करून घ्यायची की वाट बघायची, ते ठरायचंय. ह्या वेळी पुढच्या महिन्यावर टाकणार नाही, एवढं ताईला कबूल केलंय.

ताईनं वरच्या फळीवरचा तागा खाली काढला. मऊ, गर्द लाल. पांढरा नको, म्हणाली, पांढऱ्यात तू फिकी दिसतेस. मी म्हटलं, अगं अजून काही ठरलं नाही.

"नसू दे ठरलं. पुढच्या परिषदेला घालशील. उभी राहा."

मी उभी राहिले. टेप पाठीमागून पुढे आली, छातीवर जुळली. तिची बोटं गार होती.

"श्वास रोखू नकोस," ताई म्हणाली. "माप चुकतं."

मी श्वास सोडला. तिनं आकडा खडूनं कापडाच्या कडेला लिहिला आणि बटणं निवडायला डबा माझ्यापुढे सरकवला.